साबणाची आठ पानं

परवा एका मैत्रिणीने वैतागून मेसेज टाकला, "अगं तू दिलेलं ते पुस्तक वाचलं, त्यात काहीच घडत नाही!!" म्हटलं हो, नाहीच घडत. मी तिसऱ्यांदा वाचतेय.

पुस्तक म्हणजे पॅट्रिक रॉथफसचं 'द स्लो रिगार्ड ऑफ सायलेंट थिंग्ज'. ज्यांनी त्याच्या फँटसी मालिकेतली 'द नेम ऑफ द विंड' (२००७) आणि 'द वाइज मॅन्स फिअर' (२०११) वाचलीयेत त्यांना माहितीये की तिसऱ्या भागाची वाट बघून बघून आमच्यातल्या अर्ध्या लोकांचे केस पिकले. आणि २०१४ला या माणसाने दिलं काय, तर दीडशेच्या आसपास पानांचं एक पुस्तक, तेही नायकाबद्दल नाहीच! लोक चिडले. मीपण चिडलेले, खोटं कशाला बोलू, घेऊन वर्षभर तसंच ठेवलं होतं. बरं लेखक स्वतःच सुरुवातीला सांगतो की बाबांनो, हे पुस्तक कदाचित तुम्ही विकत घेऊ नये, मालिका वाचली नसेल तर इथून तर मुळीच सुरू करू नका. मी तोपर्यंत पैसे भरून बसले होते.

तर गोष्ट आहे ऑरीची. मोठ्या पुस्तकांत ती अधूनमधून दिसते, युनिव्हर्सिटीच्या खाली भुयारांत राहणारी मुलगी, मालिकेचा नायक क्वोथ याचं ल्यूट (एक तंतुवाद्य) ऐकायला गच्चीवर येते, कुणी जास्त प्रश्न विचारले की पळून जाते. ऑरी हे नावही त्यानेच दिलेलं. इथे अख्ख्या पुस्तकात ती एकटीच. संवाद नाहीत, मारामारी नाही, राक्षस नाहीत. सकाळी उठल्यावर तिला कळतं की 'तो' सात दिवसांनी येणार (तो म्हणजे क्वोथ हे आपल्याला माहितीये, पुस्तकात त्याचं नाव एकदाही येत नाही), आणि मग त्याच्यासाठी काय भेट द्यायची याची तयारी. बस्स, एवढंच कथानक.

पण ती तयारी करते कशी! बुडी मारून पाण्यातून काढलेलं एक पितळी दातेरी चाक असतं, त्याचा एक दात तुटलेला, आणि ते चाक कुठे ठेवलं की त्याला बरं वाटेल यासाठी बाई या खोलीतून त्या खोलीत फिरतीये. प्रत्येक खोलीला नाव, हातातल्या दिव्यालासुद्धा नाव, फॉक्सेन. पांघरुणाचा कोपरा जमिनीला लागला म्हणून ते पांघरूण बिनसलं. आणि साबण! सुमारे आठ पानं नुसता साबण करण्याची. राख, चरबी, ढवळणं. मैत्रिणीने तिथेच पुस्तक मिटलं म्हणे. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेतल्या कुठल्याही लढाईपेक्षा ती पानं भारी आहेत, कारण तिथे हळूच कळतं की ही मुलगी येडी वगैरे नाही, तिला अल्केमी, म्हणजे किमया येते, ही कधीतरी वर त्या वर्गांत बसलेली असणार. कुणी समजावून सांगत नाही हां, फक्त तिचे हात बघायचे. नेट टेलरची काळी-पांढरी चित्रंपण तशीच, गप्प.

आता खरं कारण सांगते. माझी एक आत्या होती मिरजेला. तिच्या फळीवरची सगळी भांडी अशी लावलेली की घातलेली नावं पुढे आली पाहिजेत, एकही फिरलेलं चालायचं नाही. आणि एक तांब्या होता, कुठल्यातरी लग्नात अदलाबदल होऊन आलेला, त्यावर भलत्याच बाईचं नाव. तो बाकीच्यांत ठेवायचा नाही, खिडकीत एकटा. का, तर "तो पाहुणा आहे." आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो, मुद्दाम तो नेऊन फळीवर घुसवायचो, आणि ती न बोलता परत खिडकीत ठेवायची. दर वेळी. ओरडली नाही कधी.

ऑरी ते चाक घेऊन फिरत होती तेव्हा मला तो तांब्याच दिसत होता. पहिल्यांदा वाचताना मी रात्री दीड वाजता उठून बसले. इतकी वर्षं आपण 'आत्या जरा विक्षिप्त' असं म्हणून मोकळे झालो, आणि या अमेरिकन दाढीवाल्याने तिच्या डोक्यात बसून आतून लिहिलंय की काय!

सगळंच आवडलं असं नाही. मधे मधे भाषा फार नटवी होते, दोन-तीन ठिकाणी मलाही वाटलं अरे बास आता. आणि मालिका वाचली नसेल तर खरंच हातात घेऊ नका, काही कळणार नाही, मग मला शिव्या घालाल. पण वाचली असेल आणि तिसरा भाग नाही म्हणून रुसून बसला असाल तर एका निवांत दुपारी, फोन लांब ठेवून वाचा.

काल भावाला फोन केला, म्हटलं तो तांब्या कुणाकडे आहे रे? त्याला आठवतही नाही. मागून वहिनी म्हणाली, घर रिकामं केलं तेव्हा मोडीत गेला असेल.