आईसाठी फोन घेताय? मग आकडे मोठे बघा

फोन वापरून बघायच्या भानगडीत पडू नका. खोक्यावरचे आकडे वाचा, सगळ्यात मोठे असतील तो उचला, पैसे देऊन मोकळे व्हा. गेल्या महिन्यात आईसाठी मी हेच केलं.

कॅमेरा १०८ मेगापिक्सेलच्या खाली नको. नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून शेवटी तो हातात १२ मेगापिक्सेलचाच फोटो ठेवतो, पण हे शेजारच्या काकूंना कुठे कळतंय? आयफोनवाले बिचारे २०१५ ते २०२१ बारावरच नापास होत बसले होते. शिवाय मागे २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा, कॅमेरा हवाच. तो फोटोसाठी नसतो, मागे कॅमेरे किती ते मोजण्यासाठी असतो.

रॅम, म्हणजे फोनची काम करतानाची मेमरी, '८ + ८' जीबी घ्या. दुसरे ८ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, म्हणजे डाव्या खिशातले पैसे उजव्या खिशात टाकून पगारवाढीचे पेढे वाटायचे.

१२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, डिस्प्ले तर हवाच. लॉकस्क्रीनवरच्या जाहिराती त्यावर काय सुळकन सरकतात!

कानाजवळच्या सेन्सरची चौकशी मात्र करू नका, खोक्यावर त्याचा आकडा नसतो. पूर्वी फोन कानाला लावला की एक एवढासा इन्फ्रारेड सेन्सर स्क्रीन बंद करायचा. काही कंपन्यांनी तो काढून टाकला. आता फोन आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो, त्याचा परतलेला आवाज माइकने टिपतो आणि आपण कानाशी आहोत की नाही याचा अंदाज बांधतो. अंदाज! तो चुकला की स्क्रीन चालूच, आईचा गाल लागतो आणि फोन म्यूट. ती तिकडे गुडघ्याच्या एक्स-रेबद्दल सांगतेय, मी इकडे "हॅलो, आई, हॅलो" करत बसलोय. परवा म्हणाली, "तू हल्ली माझं ऐकतच नाहीस." सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, अपडेट मारा, नाहीतर स्पीकरवर बोला. आता तिचा गुडघा अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे.

अरे, हा फोन विकायला काढण्याआधी तुमच्यातल्या एकाने तरी तो कानाला लावून घरच्या कुणाशी दहा मिनिटं बोलून बघितलं होतं का? १०८ चा आकडा छापताना लाज वाटली नाही, आणि त्या एवढ्याशा ठिपक्यात काटकसर सुचली? आणि आपण तरी काय, दुकानात उभं राहून दोन फोनचे आकडे ताडून बघतो, पण एक कॉल लावून बघत नाही. मीही नाही लावला. लावायला हवा होता, गाढवासारखं रॅम काय मोजत बसलो!