लोहगडावरचा सांगकाम्या

चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीतली गोष्ट. भाचा चिन्मय सुट्टीला आला होता आणि बिल्डिंगच्या मागे पोरांचा किल्ला चालू होता. या वर्षी लोहगड करायचा असं ठरलेलं, कारण सप्टेंबरात चिन्मय त्याच्या बाबाबरोबर खऱ्या लोहगडावर जाऊन आला होता आणि विंचूकाटा, म्हणजे गडाची ती लांब निमुळती माची, मातीत कसा काढायचा हे फक्त आपल्यालाच माहितीय असं त्याचं म्हणणं होतं. तिथे गडावर त्याने एका दगडावर खडूने नाव लिहायला घेतलं तेव्हा बाबाने पाठीत एक धपाटा घातलेला, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं.

झालं असं की मी रात्री जेवणं आवरून गुडघेदुखीचं काहीतरी वाचायला म्हणून लॅपटॉपवर इंग्रजी विकिपीडिया उघडला, तर वरच एक पट्टी, तुमच्यासाठी नवीन निरोप आहे. मला? मला तिथे कोण ओळखतं? उघडून बघितलं तर अतिशय अदबीने लिहिलेलं, की नमस्कार, विकिपीडियावर तुमचं स्वागत आहे, तुम्ही लोहगडाच्या लेखात केलेला बदल काही विधायक वाटला नाही म्हणून तो आपोआप उलटवलाय, आमच्याकडून चुका फार कमी होतात पण होतात, तुमचंच बरोबर आहे असं वाटत असेल तर इथे कळवा, हा निरोप खुशाल पुसून टाका आणि बदल पुन्हा करा. खाली सही, क्लूबॉट एनजी.

तेव्हा लॉगिन न करता केलेल्या बदलाला नावाऐवजी आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे इंटरनेट कनेक्शनचा नंबर, चिकटायचा. आणि आयपी म्हणजे आमचं वायफाय, म्हणजे मी.

लेखाचा इतिहास उघडला. दुपारी ३ वाजून काही मिनिटांनी विंचूकाट्याच्या वर्णनाच्या मधोमध, सगळी कॅपिटल अक्षरं, चिन्मय वॉज हिअर, आणि पुढे उद्गारचिन्हांची माळ लावलेली, मी मोजली, सतरा होती. आणि त्याच मिनिटात, त्याच मिनिटात हं, ते साफ! खऱ्या गडावर तटावरची बदाम-बाण आणि कोळशाने लिहिलेली नावं वर्षानुवर्षं तशीच असतात, सुट्टीच्या दिवशी कुणीतरी स्वयंसेवक पोरं ब्रश घेऊन चढतात तेव्हा कुठे पुसली जातात. आता २०२५ मध्ये लोहगड युनेस्कोच्या यादीत गेलाय तेव्हा निदान पाट्या तरी लागतील. आणि इथे खडू दगडाला टेकतोय न टेकतोय तोवर पुसणारा हजर.

चिन्मयला विचारलं तर म्हणाला, "मावशी, दगडावर लिहू नको म्हणाले होते, इंटरनेटवर लिहू नको असं कोणी म्हणालं नव्हतं." वकील होणार हा.

तर अशी माझी आणि त्या बॉटची, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमची, ओळख झाली. आणि माणसाला एकदा का बोलणी बसली की तो बोलणारा कोण हे शोधून काढल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी पुढचे तीन दिवस फराळ तळता तळता याच्याबद्दलच वाचत होते. चकल्या दोन घाणे करपल्या, ते त्याच्या नावावर.

मराठी विकिपीडियावर बॉटला काय म्हणतात माहितीय? सांगकाम्या! मला तर हा शब्द इतका आवडला की काय सांगू. १ मे २००३ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि तिथल्या मंडळींनी एकेक शब्द असा काढलाय की वा. नासधुशीला उत्पात, खेळून बघायच्या पानाला धूळपाटी, अ‍ॅडमिनला प्रचालक, आणि सगळ्यांनी बसून बोलायच्या म्हणजे मराठीत भांडायच्या जागेला चावडी. फक्त सांगकाम्या या शब्दाशी माझा घरगुती पंगा आहे. आमच्या घरातला सांगकाम्या म्हणजे आमचे हे. दूध उतू जायला लागलं की गॅस बंद करा असं सांगून गेले तर दूध उतू जाईपर्यंत शेजारी उभे राहून बघतात आणि मग बंद करतात, सांगितलं होतं तसंच. हा क्लूबॉट मात्र कोणी काही न सांगता, रात्री-बेरात्री, चहासुद्धा न घेता कामाला. याला सांगकाम्या म्हणायचं आणि त्यांना काय म्हणायचं?

याच्या आधीही असे बॉट होते. २००६ च्या सुमाराला टॉकरबॉट-टू नावाचा एक होता, २००७ ला पहिला क्लूबॉट आला. त्यांचं काम म्हणजे ठरलेल्या नियमांचं, अमुक शिवी दिसली की इतके गुण, अख्खं पान कोरं केलं की इतके, गुण भरले की उलटव. २०१० च्या शेवटाला हा एनजी आला, एनजी म्हणजे नेक्स्ट जनरेशन, आणि त्याला असे नियम पाठ करून दिलेलेच नाहीत. माणसांनी हाताने हजारो बदल तपासले, हा चांगला, हा उत्पात, अशा खुणा केल्या आणि तो गठ्ठा त्याच्यापुढे टाकला की घे, तूच शिक. मग तो कुठले शब्द कुठल्या ढिगात जास्त येतात ते बघतो, कॅपिटल अक्षरं किती, एकच अक्षर कितीदा दाबलंय, किती मजकूर उडवलाय, हे सगळं एका न्यूरल नेटवर्कमध्ये, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेल्या प्रोग्रॅममध्ये, जातं आणि दुसऱ्या बाजूने एक आकडा बाहेर येतो, की हा उत्पात असण्याची शक्यता किती. का आला ते नीट कोणालाच सांगता यायचं नाही. माझी आई अशीच होती. आम्ही दाराची कडी कशी काढतो त्या आवाजावरून तिला कळायचं की आज शाळेत काहीतरी करून आलेत. पुरावा मागितला की म्हणायची, मला सगळं समजतं.

पण आईपेक्षा हा एका बाबतीत भला. याला बनवणाऱ्यांनी आधी ठरवलं की निरपराध माणसांना आपण फार फार तर किती वेळा चुकून पकडायचं, आणि ते ठरल्यावर मग चोर किती सापडतात ते बघायचं. म्हणजे शंका असली तर सोडून द्या. आमच्या आईचा हिशोब नेमका उलटा होता, शंका आली की तिघांनाही एकेक.

आता माझ्या डोक्यात आलेली दुसरी गोष्ट. पूर्वी एका ऑफिसात होते तिथे ईमेलला फिल्टर बसवला होता, अश्लील शब्द आला की मेल अडवायचा. आमच्याकडे एक शितोळे होते. आता शितोळे हे इंग्रजी अक्षरांत लिहा आणि पहिली चार अक्षरं वाचा. त्या बिचाऱ्यांचा लीव्हचा अर्ज तीन आठवडे कुठेतरी पाताळात अडकून पडला होता आणि साहेब म्हणत होते की तुम्ही न सांगता रजेवर जाता. हे जगभर होतं म्हणे, इंग्लंडात स्कन्थॉर्प नावाचं गाव आहे, १९९६ साली तिथल्या लोकांना एओएल या इंटरनेट कंपनीकडे खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक घाण शब्द दडलाय. (कोणता ते शोधायला मला पाच मिनिटं लागली, तुम्हाला कमी लागतील.)

मग म्हटलं बघूया याची परीक्षा. रीतसर खातं उघडलं, तांदळाच्या एका वाणावरचा लेख काढला आणि त्यात एक वाक्य घातलं, की मराठीत शितावरून भाताची परीक्षा अशी म्हण आहे. म्हण इंग्रजी अक्षरांत, खाली अर्थ. पहिलीच चार अक्षरं, समोरच, दारात चपला काढून ठेवल्यासारखी! सेव्ह केलं आणि चहाचा कप घेऊन बसले की आता येतोय, आता येतोय.

एक मिनिट झालं. पाच झाली. चहा संपला. आला नाही! एका शितावरून भाताची परीक्षा करायची नसते हे त्या मशीनला कळतं आणि त्या ऑफिसातल्या फिल्टरला कळलं नव्हतं. मी अगदी भरून आल्यासारखी ह्यांना सांगायला गेले तर हे म्हणाले, छान, जेवायला काय आहे.

चाळीस मिनिटांनी एका माणसाने, हाडामांसाच्या माणसाने, माझं वाक्य काढून टाकलं. कारण, संदर्भ दिलेला नाही. नियम आहे तिथला, चूक माझीच. पण म्हणीला संदर्भ कुठला देऊ, आजी १९९४ लाच गेली.

असो. पण तोवर मला चटक लागली होती. ठरवलं की आपणही उत्पात पकडायचे. दिवाळी संपली, चिन्मय गेला, आणि मला तसंही रात्री झोप येत नाही. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा म्हणजे अमेरिकेत भर दुपार, शाळा चालू, पोरं कॉम्प्युटर लॅबमध्ये. उत्पाताचा सीझनच. मी अलीकडील बदलांची यादी उघडून चष्मा लावून बसायचे. कोणीतरी पेंग्विनच्या लेखात आपल्या मित्राला गाढव म्हटलेलं दिसलं की माझं रक्त सळसळायचं, बदल उघडायचा, नीट वाचायचा, खरंच गाढवच म्हटलंय ना याची खात्री करायची, उलटवा वर क्लिक, आणि निरोप यायचा की हे आधीच कुणीतरी उलटवलंय. कोणी? तोच! तुम्ही नळाला पाणी येण्याआधी अलार्म लावून उठता आणि खाली जाता तर शेजारच्या काकूंच्या बादल्या भरून झाकण लावून तयार, तसं रोज रात्री. आठवडाभरात माझा स्कोअर शून्य.

एक अभ्यासही वाचला, स्टुअर्ट गायगर आणि एरन हाफेकर यांचा, २०१३ चा. २०११ मध्ये हा बॉट काही वेळा बंद पडला होता, त्या काळात त्यांनी बघितलं तर उत्पात निघायचेच, पण निघायला जवळजवळ दुप्पट वेळ लागायचा. म्हणजे तो नसला तर माणसं करतात. मी देवाला हात जोडले की एकदा, फक्त एक रात्र, त्याचा सर्व्हर झोपू दे.

सर्व्हर झोपला नाही, पण मला त्याची एक खोड सापडली. तो कोणाशी भांडत बसत नाही. एकाच माणसाने त्याच लेखात लगेच पुन्हा घाण केली तर सहसा तो गप्प राहतो, की मी एकदा सांगितलं, आता पुढचं माणसांनी बघा. म्हणजे माझी जागा हीच! हट्टी पोरगा शोधायचा, ज्याचं एकदा उलटवूनही भागलेलं नाही.

तीन रात्रींनी सापडला. बटाट्याच्या कुठल्याशा पदार्थाचा लेख होता, पहिल्याच परिच्छेदात कोणीतरी कॅपिटलमध्ये आपल्या सरांना बटाटा म्हटलं होतं, सहा वेळा. क्लूबॉटने उलटवलं. पोराने परत टाकलं. मी श्वास रोखून बघतेय, एक मिनिट, दोन मिनिटं, क्लूबॉट गप्प. मी चष्मा पुसला. इतिहासाचं पान रिफ्रेश केलं, सगळ्यात वरच्या ओळीवर गेले आणि दिलं क्लिक. झालं! गेलं! माझ्या नावाने गेलं! मी अंधारात एकटीच टाळ्या वाजवल्या, हे आतून ओरडले, काय झालं.

झालं असं होतं की मी चष्मा पुसत असताना मधेच एका भल्या माणसाने तो बटाटा आधीच काढला होता, आणि सगळ्यात वरची ओळ ती त्याची होती. ती मी उलटवली. म्हणजे सहाच्या सहा बटाटे, कॅपिटल अक्षरांत, माझ्या खात्यावरून, माझ्या हाताने परत लेखात. आणि मी काही तो हट्टी पोरगा नव्हे. क्लूबॉटच्या वहीत मी नवीन गिऱ्हाईक.

टाळ्या संपेपर्यंत पट्टी आली. नमस्कार, विकिपीडियावर तुमचं स्वागत आहे.

मी लेखात बटाटे उरलेत का ते तपासलं, नव्हते. मग न राहवून चिन्मयच्या आईच्या फोनवर स्क्रीनशॉट पाठवला. सकाळी सातला शाळेत जाता जाता त्याचा व्हॉइस मेसेज, "मावशी, ही तुझी पहिली वॉर्निंग आहे ना? चार झाल्या की मग अ‍ॅडमिनकडे नाव जातं. घाबरू नकोस, माझ्या दोन झाल्यात."