‘भिंत पातळ, तर बेअरिंग अजून टाइट’: फिरणाऱ्या सल्ल्याची तपासणी

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळे-महापेपर्यंत टर्नर-फिटरांच्या मोबाईलवर एक सल्ला फिरतो आहे. सार असं: हाऊसिंग (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) पातळ असेल तर बोअर, म्हणजे आतलं भोक, बेअरिंगपेक्षा सरसकट ०.०५ मिमी कमी ठेवा, ॲल्युमिनियम असेल तर आणखी कमी. जात नसेल तर बेअरिंग तेलात गरम करा. हाताने फिरलं की काम पास. आणि सैल झालंच तर बोअरला पंच मारून उंचवटे काढा. एकेक मुद्दा घेऊ. उदाहरणाला ६२०४ बेअरिंग, म्हणजे बाहेरचा व्यास ४७ मिमी.

‘पातळ म्हणून ०.०५.’ हे सगळंच हवेतलं नाही. कॅटलॉगमध्ये पातळ हाऊसिंगसाठी पी७ फिट (बोअर बेअरिंगपेक्षा लहान ठेवणारा टाइट फिट) दिलेला असतो. पण तो आउटर रिंगवरचा (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावरचा) लोड फिरता आणि जड असेल तेव्हाचा, उदाहरणार्थ चाकाच्या हबमध्ये. शाफ्ट फिरतो आणि लोड एकाच दिशेला राहतो, अशा नेहमीच्या जागी एच७ किंवा जे७ हा कमी टाइट फिट पुरतो. आता आकडे बघा. ४७ मिमीला पी७ म्हणजे बोअर १७ ते ४२ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) कमी. बेअरिंग स्वतः ० ते ११ मायक्रॉन कमी असतं. म्हणजे प्रत्यक्ष दाब, बेअरिंग बोअरपेक्षा जेवढं मोठं तेवढा, ६ ते ४२ मायक्रॉन. मेसेजमधले ५० सर्वांत टाइट फिटच्याही पलीकडे जातात.

त्यावर उत्तर येतं, ‘पातळ भिंत फुगते, बेअरिंगला काही होत नाही.’ भिंत फुगते, खरं आहे, पण सगळा दाब ती घेत नाही. २.५ मिमी स्टीलची भिंत आणि जेमतेम तेवढ्याच जाडीची आउटर रिंग समोरासमोर आल्या की दाब साधारण निम्मा निम्मा वाटला जातो. ५० पैकी २० ते २५ मायक्रॉन रिंग आत येते. साध्या ६२०४ मधला खेळ, म्हणजे बॉल आणि रिंगमधली मोकळीक, ५ ते २० मायक्रॉन, तो संपला. सी३ (जास्त खेळाच्या बेअरिंग) मध्ये १३ ते २८, तिथेही थोडाच उरतो किंवा उरतच नाही. मग बेअरिंग तापतं, ग्रीस पातळ होतं आणि दोष कंपनीच्या मालाला लागतो.

मेसेजमध्ये नसलेली, पण पातळ हाऊसिंगला सगळ्यांत जास्त नडणारी गोष्ट म्हणजे गोलाई. लेथच्या तीन जॉच्या (तीन जबड्यांच्या) चकात घट्ट धरून बोअर केला, तर चकात असेपर्यंत तो गोल असतो. सोडला की तीन बाजूंचा होतो. व्हर्नियर किंवा दोन टोकांच्या मायक्रोमीटरने हे कळत नाही, व्यास सगळीकडे सारखाच दिसतो. तीन पॉइंटच्या बोअर मायक्रोमीटरने माप घ्या, मग ६० अंश फिरवून पुन्हा घ्या. बेअरिंगची रिंग स्वतःच पातळ असल्याने ती बोअरचा आकार उचलते आणि बॉल त्या वाकड्या ट्रॅकवर धावतात. म्हणून पूर्ण घेर पकडणारे सॉफ्ट जॉ (कामाच्या मापाला कापता येणारे मऊ जबडे) बोअर करून वापरा किंवा फेसवर क्लॅम्प करा. शेवटचा हलका कट पकड ढिली करून घ्या. वेल्डिंग असेल तर ते आधी, फिनिश बोअर नंतर. कन्व्हेयर रोलरच्या कामात हा क्रम सर्रास उलटा होतो.

‘बेअरिंग गरम करा.’ ही शाफ्टवर चढवायची युक्ती आहे, चुकून हाऊसिंगला लावलेली. बेअरिंग ५० अंशांनी तापवलं तर बाहेरचा व्यास सुमारे २८ मायक्रॉन वाढतो, म्हणजे काम आणखी अवघड. तापवायचं ते हाऊसिंग: ॲल्युमिनियम ३० वरून १०० अंशांवर ओव्हनमध्ये नेलं की बोअर सुमारे ७५ मायक्रॉन उघडतो आणि बेअरिंग हाताने बसतं. गॅस टॉर्चने एकाच बाजूला तापवू नका. फ्रीझरचा मार्ग चालतो, पण जुलैत ठाण्याच्या हवेत बाहेर काढताच बेअरिंगवर पाणी धरतं.

हाच हिशोब ‘ॲल्युमिनियमला आणखी टाइट’ याचंही उत्तर देतो. चालताना ६० अंश चढले की स्टीलच्या तुलनेत ॲल्युमिनियम ३० मायक्रॉन जास्त उघडतं. तेवढा जास्तीचा दाब थंड मशीनमध्ये बेअरिंगला मारतो. त्यापेक्षा बोअरमध्ये स्टीलचा लायनर (आतली नळी) टाका.

हाताने फिरणं ही चाचणीच नव्हे. खेळ संपलेलं बेअरिंगही हाताला फक्त थोडं जड लागतं. प्रेस करताना स्लीव्ह (दाबायची नळी) आउटर रिंगवरच टेकवा. इनरवर दाबलं तर जोर बॉलमधून जातो आणि ट्रॅकवर खळगे पडतात. बोअरच्या तोंडाला १५-२० अंशांचा चॅम्फर (तिरकी कड) द्या आणि आधार थेट सीटखाली, म्हणजे बेअरिंग बसतं त्या जागेखाली, ठेवा. फ्लँजवर टेकवलं तर पातळ भिंत वाकते.

पंचचे उंचवटे रिंगला टोकांवरच धरतात. थोड्याच दिवसांत ते चपटे होतात आणि रिंग पुन्हा फिरू लागते. व्यासावर ०.१ मिमीपर्यंत फट असेल तर तेल पूर्ण पुसून लॉकटाइट ६४१ (बेअरिंग चिकटवून धरणारं द्रव) लावा आणि २४ तास थांबा. ते सीलवर जाऊ देऊ नका. फट त्याहून जास्त असेल तर बोअर मोठा करून बुश (नळीसारखं कडं) बसवा, आणि भिंत २ मिमीच असेल तर बुशला जागाच उरत नाही, नवीन हाऊसिंग करा.