नाल, आजोबा आणि शाळेखालचं रेसकोर्स : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एक जुना आग्रीपाडेकर’ या नावानं आलेली तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. एकदा रागानं, एकदा पेन हातात घेऊन आणि एकदा ताईला फोनवर वाचून दाखवताना. उत्तराला आठवडा लागला तो ताईमुळेच. ते पुढे येईलच.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ‘शाळेखालचं रेसकोर्स’ या लेखात मी सत्तरच्या दशकातली आमची महापालिकेची शाळा, तिच्या पटांगणात सापडलेली घोड्याची नाल आणि आजोबांनी पाहिलेल्या भायखळ्याच्या शर्यती यांबद्दल लिहिलं होतं. तुमचे आक्षेप असे: भायखळ्याचं रेसकोर्स १८८३ मध्येच महालक्ष्मीला गेलं, त्यामुळे या आठवणी नसून थापा आहेत. नाल रेसच्या घोड्याची असूच शकत नाही. आणि साहेबांच्या घोड्यांचं कौतुक करताना मी गिरणीतला माणूस विसरलो. शिवाय शुद्धलेखनाच्या सहा चुका. त्या दुरुस्त केल्यात, आभार.

नालेचं आधी घेतो, कारण तिथं मी सपशेल हरलोय. तुम्ही लिहिलंत, की शर्यतीच्या घोड्याची नाल हलकी आणि पातळ पट्टीची असते, आणि मी वर्णन केलेली ‘तळहातभर रुंद, जड, टाचेशी वळवलेली’ नाल गाडीच्या घोड्याची असणार. अगदी बरोबर. नळाची पाइपलाइन टाकायला पटांगणाचा कोपरा खणला तेव्हा ती वर आली होती. मातीचा गोळाच होता. आम्ही तो नळाखाली धरला आणि लोखंड दिसल्याबरोबर वर्गात जाहीर करून टाकलं, की हा डर्बीचा घोडा! डर्बी हा शब्द कुणाच्या तरी वडिलांच्या रेसच्या पुस्तकातला. आमच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी व्हिक्टोरियाचे, म्हणजे भाड्याच्या घोडागाड्यांचे, घोडे मान खाली घालून तबेल्याकडे जायचे, त्यांच्या टापांचा आवाज खिडकीतून वर्गात यायचा, आणि तरी ती नाल त्यातल्या एखाद्याची असेल असं चाळीस पोरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मूळ लेखात मला खरं तर हे लिहायला हवं होतं.

आता थापांबद्दल. रेसकोर्स तिथं होतं यावर आपलं दुमत नाही. बॉम्बे टर्फ क्लब १८०२ चा. भायखळा क्लब १८३३ मध्ये सुरू झाला तो रेसकोर्सच्या शेजारी. वरळीचा बांध घालण्याआधी हा सगळा सखल भाग भरतीच्या पाण्याखाली जायचा, म्हणूनच इंग्रज त्याला ‘भायखळा फ्लॅट्स’ म्हणायचे. आमच्या भूगोलाच्या बाईंनी हे आम्हाला पुस्तकातून शिकवलं नाही. जुलैत पटांगणात घोटाभर पाणी साचलं, की त्या व्हरांड्यात उभ्या राहून म्हणायच्या, “समुद्र आपली जागा विसरत नाही, तुम्ही मात्र काल शिकवलेलं विसरता.” पीटीच्या सरांचं वाक्य वेगळं होतं. “इथं घोडे धावायचे, आणि तुम्हाला नीट चालता येत नाही!” रेसकोर्स अगदी आमच्या पटांगणावरून जात होतं का, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण सरांनी सांगितलं म्हणजे जात होतं.

त्यानंतर मधल्या सुट्टीत शर्यती सुरू झाल्या. पाण्याच्या टाकीपासून वडापर्यंत आणि परत. प्रत्येकानं रेसच्या पुस्तकातून एकेक घोड्याचं नाव उचललेलं. पैजा चिंचोक्यांच्या. एक मुलगा बुकी होता. कंपासपेटीत चिंचोके आणि वहीच्या शेवटच्या पानावर भाव. तो आज कुठेतरी हिशेबनीस असणार, माझी खात्री आहे. मी चौथा यायचो. मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी वही पकडली आणि आम्हा नऊ जणांना उन्हात उभं केलं. तुम्ही याला आठवण म्हणणार नसाल, तर मग कशाला म्हणणार? मला आठवतात ते भायखळ्याचे घोडे नव्हेत. आठवतं ते त्या घोड्यांच्या जिवावर आम्ही काय काय केलं ते. लेखाचं शीर्षक वाचून वेगळं वाटत असेल तर तो दोष माझा.

तिसरा आक्षेप मला अर्धाच पटतो. भायखळा क्लबात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं हे खरं. विलिंग्डन क्लब निघाला तोच या भेदावर उतारा म्हणून, आणि तोही १९१७ च्या सुमाराला. पण शर्यतीचा शौक फक्त गोऱ्यांचा नव्हता. पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले तेव्हा घोड्यांचे केवढे शौकीन होते! त्यांची कबर माझगावला हसनाबादेत आहे, आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. अरबी घोडे आखातातून गलबतांनी इथं उतरायचे आणि त्यांचे व्यापारी, दलाल, नालबंद, खरारा करणारे सगळे याच मुलखातले. रेसकोर्स हललं, गिरण्या वाढल्या, प्लेग आला आणि मग इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका बीआयटी चाळीत मी वाढलो. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. गिरणीबद्दल लिहिलं नाही ते विसरलो म्हणून नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर आमच्या घरात काय झालं, ते एखाद्या परिच्छेदात मावणारं नाही.

आता आजोबा. तुम्ही गणित मांडलंत: आजोबा १९०५ चे, तर १८८३ च्या आधीची शर्यत त्यांनी कशी पाहिली? हे वाक्य वाचून मी थंड पडलो. साधी वजाबाकी, आणि ती साठ वर्षांत मी कधी केली नव्हती.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिनं ऐकलं आणि हसायलाच लागली. म्हणाली, “अरे, आजोबा मोतद्दार होते ना, घोड्यांची देखभाल करणारे! महालक्ष्मीला. पहाटे घोडे फिरवून यायचे, अंगाला लिदीचा वास असायचा म्हणून आजी त्यांना मोरीतून सरळ आत येऊ द्यायची नाही.” मला हे कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी खेळायला गेलो होतो. मला आठवतात ते निवृत्त झालेले आजोबा, गॅलरीत विडी ओढत बसलेले. हात लांब करून म्हणायचे, “तिथं. तिथं पळायचे. पब्लिक नुसतं ओरडायचं.”

“पण ते हात शाळेकडे दाखवायचे,” मी म्हणालो.

“शाळेकडे नाही रे. सातरस्त्याकडे. शाळा मध्ये यायची.”

म्हणजे आजोबा महालक्ष्मी दाखवत होते आणि मला त्यांच्या बोटाच्या टोकाशी शाळेचं कौलारू छप्पर दिसत होतं. त्यात पीटीच्या सरांचं वाक्य मिसळलं, ती नाल मिसळली आणि माझ्या लेखात आजोबांनी भायखळ्याची शर्यत पाहिली. लेखातला तो परिच्छेद मी काढलेला नाही. खाली तारीख टाकून दुरुस्ती जोडली आहे आणि तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. नाव घालायचं असेल तर कळवा, नाहीतर ‘जुना आग्रीपाडेकर’च राहू देतो.

आता महालक्ष्मीच्याही १२० एकरांवर बाग होणार म्हणतात. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, “बघ, आता तुझ्या नातवंडांच्या बोटापुढे काय येतंय.” मग लगेच तिनं डाळीला फोडणी द्यायची म्हणून फोन ठेवला.

जाता जाता, ती नाल ताईकडे आहे. दाराला ठोकायला भावोजींनी तेव्हाच नकार दिला होता, त्यामुळे गेली कित्येक वर्षं ती शिवणाच्या मशीनच्या खणात कागदात गुंडाळून पडली आहे. फोटो मागवला आहे. आला की टाकतो. टाचेकडचं वळण बघून ती व्हिक्टोरियाच्या घोड्याची का माल वाहणाऱ्या गाडीच्या घोड्याची, एवढं तुम्हीच सांगा.