कपाटातल्या शाया आणि बोरूबहाद्दरकाकांचा राग

बोरूबहाद्दरकाका,

(वय एकाहत्तर असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका म्हणतेय. चालेल ना?)

तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी बाटल्याच पुसत बसले होते, त्यामुळे अंमळ जास्तच लागली. दोन दिवस जाऊ दिले, आता उत्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की माझ्याकडच्या फाउंटन पेनच्या शाईच्या ८४ बाटल्या मी बंद खणात, अंधारात ठेवते आणि बुरशी धरलेली बाटली सरळ ओतून टाकते. त्यावर काका म्हणतात, शाई लिहायला असते, कोंडून ठेवायला नाही. लपवायच्याच होत्या तर एवढ्या देखण्या, महागड्या बाटल्या घेतल्या कशाला, आणि त्याही सगळं परदेशी? त्यांच्या वडिलांची कॅमलची १९७४ सालची बाटली आजही खिडकीत आहे आणि तिला काही म्हणता काही झालेलं नाही. पोथ्या तीनतीनशे वर्षं टिकल्या, त्या कुठल्या खणात होत्या? बुरशी दिसली की आजी दोन लवंगा टाकायची, ओतून द्यायची चैन तेव्हा नव्हती. उरलेल्या सगळ्या एकत्र करून एक बाटली करा. आणि शेवटचं वाक्य, "ही आवड नाही, हाव आहे."

शेवटापासूनच सुरू करते. हाव आहे. तुमच्या प्रतिक्रियेनंतर कागद घेऊन हिशेबच मांडला. काही बाटल्या ८० मिलिलिटरच्या, बऱ्याचशा ५० आणि ३०च्या, काही अर्ध्या संपलेल्या. सरासरी ४० धरली तर ३,३६० मिलिलिटर शाई झाली. पेनातल्या कन्व्हर्टरमध्ये (शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत) जेमतेम ०.७ मिलिलिटर मावते, म्हणजे ४,८०० वेळा पेन भरता येईल. मी मुद्रितशोधनाचं काम करते, हाताने बरंच लिहावं लागतं, तरी एकदा भरलेलं पेन चार दिवस चालतं. सगळी शाई संपायला ५२ वर्षं लागतील. मी आज ४७ची आहे. नव्व्याण्णव वर्षांच्या बाईने नवी बाटली मागवली तर तुम्ही हाव म्हणू नका, एवढंच. तोवर मुद्दा तुमचा.

पण खिडकीचा मुद्दा मी सोडणार नाही, कारण तो मी पैसे मोजून शिकले आहे.

आठेक वर्षांपूर्वी मीही तुमच्याच मताची होते. ठाण्याच्या घरी हॉलमध्ये सुताराकडून काचेची दारं असलेलं शोकेस करून घेतलं, आत चार फळ्या, त्यावर बाटल्या ओळीने. भिंत अशी की दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन थेट तिथे यायचं. मला वाटायचं, काय सुंदर उजेड पडतोय! दोन उन्हाळे गेले. एक जांभळी शाई माझी फार लाडकी होती, ती संपत आली म्हणून तीच पुन्हा मागवली आणि सहज जुनी-नवी शेजारी शेजारी लिहून पाहिली. नवीची ओळ जांभळाच्या रसासारखी. जुनीची ओळ धुऊन धुऊन विटलेल्या परकराच्या रंगाची. आधी कंपनीने रंग बदलला असं वाटलं. मग फळीवरच्या आणखी चार बाटल्या तपासल्या आणि गप्प बसले.

कारण साधं आहे. फाउंटन पेनच्या बहुतेक शाया म्हणजे पाण्यात विरघळलेले रंग, आणि हे रंग प्रकाशाने मोडतात. त्यातही लाल, गुलाबी, जांभळे नि शाळेतली ती 'धुता येणारी' निळी जास्त नाजूक. बाटलीतली शाई दाट असते, काचही थोडा बचाव करते, त्यामुळे खोलीतल्या नुसत्या उजेडाने वर्षभरात आभाळ कोसळत नाही. हे मागच्या लेखात लिहायला हवं होतं, ते राहिलं. पण थेट ऊन ही वेगळी गोष्ट.

कागदावर तर हे फार लवकर दिसतं. मार्चमध्ये एका पट्टीवर दहा शायांच्या रेघा ओढल्या, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली आणि खिडकीच्या काचेला चिकटवली. मे संपता संपता काढली. धुता येणारी निळी उघड्या बाजूला शोधावी लागली, कोणी पेन्सिलीने लिहून खोडावं तशी. प्रुफं तपासायची माझी लाल शाई फिकट गुलाबी झाली होती. निळी-काळी होती तिचा निळेपणा गेला पण करडी रेघ राहिली, कारण ती हिराकस नि मायफळाच्या जुन्या पद्धतीची; तिच्यातलं लोह कागदात धरून बसतं. आणि काजळीची काळी? पुठ्ठ्याखालची कुठली नि उन्हातली कुठली, सांगता येईना.

इथेच तुमच्या पोथ्यांचं उत्तर आहे, काका. आपल्या पोथ्या, मोडी कागद लिहिले गेले ते काजळ आणि डिंकाच्या शाईने. काजळ म्हणजे कार्बन, त्याला प्रकाश काय करणार? ती शाई बोरूला चालायची. फाउंटन पेनात तसली घरगुती शाई भरलीत तर डिंक नि काजळ फीडच्या, म्हणजे निबेखालच्या शाई पुढे नेणाऱ्या भागाच्या, बारीक खाचेत असं बसेल की पेनच टाकून द्यावं लागेल. (पेनासाठी खास बनवलेल्या कार्बनच्या शाया मिळतात, पण त्याही पेनात वाळू द्यायच्या नसतात.) आणि एक विसरलात. पोथ्या खिडकीत कुठे होत्या? लाकडी फळ्यांमध्ये धरून, वर बासन गुंडाळून, फडताळात. पेशवे दफ्तराचे कागदही रुमालातच बांधलेले. अंधारात कोंडून ठेवायची रीत माझी नाही, त्यांचीच आहे.

आता देखण्या बाटल्यांबद्दल. शोकेस होतं तेव्हा माझा भाचा आला होता, तिसरीतला. बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, एवढ्या सगळ्या काळ्या शाया कशाला घेतल्यास?"

मी पाहिलं, खरंच काळ्या. हिरवी, जांभळी, तपकिरी, मोरपंखी, बाटलीत सगळ्या काळ्याच दिसतात. फार तर कडेला काचेशी रंगाची एक रेघ. जपानी पायलट कंपनीच्या इरोशिझुकू शाईची ती जाड तळाची, अत्तराच्या कुपीसारखी बाटली मलाही आवडते. जर्मन लॅमी कंपनीच्या बाटलीच्या तळाशी टीपकागदाची गुंडाळी असते, फ्रेंच एर्बांच्या बाटलीला पुढे पेन टेकवायची खाच असते, त्यांच्याशी खेळायला मजा येते. पण शोकेसमध्ये मी मांडली होती ती काच. शाई कोणाला दिसलीच नव्हती.

तेव्हापासून उलटं केलं. प्रत्येक शाईचं एक जाड पांढरं कार्ड: अर्ध्या भागात कापसाच्या बोळ्याने ओढलेला पट्टा, खाली जाड निबेने एक ओळ, कोपऱ्यात थेंब. मागे बाटली उघडल्याची तारीख. कार्डं कडीत ओवून खणात असतात, कोणी आलं की पत्त्यांसारखी पसरते. एक कार्ड मात्र बाहेर, फ्रीजवर चुंबकाने लावलेलं. ती त्या महिन्याची शाई, ती संपूर्ण महिना वापरायचीच. महिना संपला की कार्ड बदलतं, त्यामुळे एकही उन्हात विटत नाही. आणि रिकाम्या झालेल्या बाटल्या धुऊन आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत. तिथे ऊन हवं तेवढं येऊ दे. एकीत गोकर्णीचं फूल ठेवते, कोणत्याही निळ्या शाईपेक्षा ते बरं दिसतं.

खणाचं विचाराल तर त्यात काहीही शास्त्र नाही. उथळ खण हवा, म्हणजे बाटल्या एकावर एक रचायचा मोह होत नाही. वरून फक्त झाकणं दिसतात, म्हणून झाकणावर आकड्याचा गोल स्टिकर आणि तोच आकडा कार्डावर. खाली फ्रिजमधल्या भाजीचे जुने ट्रे, म्हणजे एखादी गळली तर शेजारचीला आंघोळ नको. बाटली उभीच, आडवी कधीच नाही. पुठ्ठ्याची खोकी मी काढून टाकली. आमच्याकडच्या पावसाळ्यात त्यांना कसर लागते आणि वास येतो तो निराळा. बाटलीला कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर शाईच्या पातळीची रेघ मात्र जरूर मारावी. प्लास्टिकच्या पाच मिलिलिटरच्या नमुन्याच्या कुप्या होत्या माझ्याकडे, घट्ट बंद. तरी दीड-दोन वर्षांत कित्येक अर्ध्यावर आल्या. पाणी उडून जातं, रंग मागे उरतो.

लवंगेकडे येते. आजींचा उपाय खोटा नाही, हे आधी सांगते. लवंगेच्या तेलात बुरशी मारायचा गुण आहेच आणि शाईत ते पूर्वी घालतही असत. कारखान्यातल्या शाईत त्याच कामासाठी फिनॉलसारखी रसायनं घालतात. जुनी बाटली उघडल्यावर दवाखान्यासारखा जो वास येतो तो त्याचाच. पण आजींचा टाक होता. टाक बुडवला, लिहिलं, फडक्याला पुसला. तेलाचा तवंग आला तरी टाकाचं काय बिघडणार? पेनाच्या फीडला मात्र शाई केसाएवढ्या खाचेतून निबेपर्यंत न्यायची असते, तिथे तेलकट थेंब गेला की लिहिताना रेघ तुटते आणि चार वेळा धुतलं तरी पेन रुसलेलंच राहतं.

शिवाय लवंग ही बुरशी धरू नये म्हणून. धरल्यावर काय? गेल्या जुलैत एक समुद्रनिळी बाटली उजेडासमोर तिरकी केली तर आत कापसाच्या पिंज्यासारखं काहीतरी हळूच फिरलं. काडीने उचललं तर लांब, बुळबुळीत धागा आला आणि ओल्या गोणपाटाचा वास. चूक माझीच होती. पेन भरताना निब थेट बाटलीत बुडवायची आणि नको असलेली शाई पेनातून परत बाटलीत सोडायची, ही माझी जुनी खोड. हाताचा, कागदाचा, हवेतला कचरा आत गेला. तो धागा गाळून काढता येतो, त्याचं बी नाही. ती शाई ज्या ज्या पेनात जाईल तिथे तो संसार पुन्हा सुरू होणार. म्हणून ओतून दिली. तीस मिलिलिटर शाईपायी माझ्या वडिलांचं पेन पणाला लावायची माझी तयारी नाही, तुमचीही नसेल. आता सुई नसलेल्या सिरिंजने लागेल तेवढीच बाहेर काढते, उरली तर बेसिनमध्ये.

आणि हो, "उरलेल्या सगळ्या एकत्र करून एक बाटली करा" हे मात्र कोणी करू नका. हिराकसाची शाई आंबट, म्हणजे आम्लधर्मी असते, काही शाया उलट स्वभावाच्या. एकत्र आल्या की तळाशी गाळ. हौसच असेल तर काचेच्या वाटीत दोन-दोन थेंब, आणि रात्रभर थांबा.

"सगळं परदेशी" हा टोमणा अर्धाच खरा आहे. एका जपानी बाटलीच्या पैशात कॅमलच्या कितीतरी बाटल्या सहज येतील, हे खरं, आणि त्याची लाज मला अधूनमधून वाटते. पण १ नंबरचा स्टिकर आमच्याकडे कॅमलच्याच निळीवर आहे. कॅमलवाल्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड नि वड्या विकायला सुरुवात केली, तिथून ती आली. माझी पहिली शाई तीच. शेजारी १९३४ साली राजशाही या गावी (आता बांगलादेशात) सुरू झालेली बंगालची सुलेखा, मग केरळची कृष्णा. परीक्षेला त्यातली कुठलीही बसवा.

आता तुमची ती बाटली. खरं सांगू, एवढं सगळं लिहिलं ते तिच्याचसाठी. तुम्ही लिहिलंय, शाई तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे, झाकण पंचवीस वर्षांत उघडलेलं नाही, पण "रंग अगदी तसाच गडद". काका, बाटलीतला गडदपणा ही साक्ष नव्हे. दोन हिस्से पाणी उडालं म्हणजे उरलेली शाई तिप्पट दाट झाली. एकीकडून ऊन रंग खातंय, दुसरीकडून वाळून तो दाटतोय, आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींची बेरीज तीच दिसते. खरं काय ते कागदच सांगेल. वडिलांच्या वेळी अशी बाटली दोन-तीन महिन्यांत संपून नवी येत असणार. खिडकीत ती टिकली असं नाही, तिला विटायला वेळच मिळत नव्हता. ही एक मागे राहिली.

उघडणार असाल तर पकडीने पिळू नका, जुनं झाकण तडकतं. फडकं गरम पाण्यात पिळून झाकणाला पाच-दहा मिनिटं गुंडाळून ठेवा. आट्यांमध्ये वाळलेली शाईच चिकटलेली असते, ती पाण्याने सुटते. खाली वर्तमानपत्र घाला, काकूंचा टेबलक्लॉथ आधी काढा. उघडलं की पहिल्यांदा वास घ्या. दवाखान्यासारखा आला तर चांगलं, गोणपाटाचा आला तर तिथेच थांबा. पेनात भरू नका. काडी बुडवून साध्या कागदावर एक ओळ लिहा, मग त्याच काडीवर थोडं पाणी घेऊन दुसरी. वडिलांच्या हातचं त्या काळातलं एखादं पत्र किंवा वही असेलच घरात, मिटून ठेवलेली. तिच्यातल्या अक्षरांशेजारी हा कागद धरा आणि काय दिसतं ते मला कळवा.