पाठ टेकायची खुर्ची

दक्षिण अमेरिकेतला समाजवादी म्हटलं की आपल्याकडे चे गव्हेराचा टीशर्ट आठवतो, फार वाचलेलं असेल तर चिलीचे आयेंदे. आल्फ्रेडो पालासिओस कुणाला माहीत नसतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण माझ्यासाठी त्या सगळ्यांत हा माणूस पहिला.

अर्जेंटिनाचे, ब्वेनोस आयरेसचे वकील. डॉक्टरेटसाठी देशातल्या दारिद्र्यावर प्रबंध लिहिला तर तो युनिव्हर्सिटीने नाकारला. मग वकिली सुरू केली आणि दारावर पाटी लावली की गरिबांच्या केसेस फुकट बघतो. १९०४ ला 'ला बोका'मधून निवडून आले, म्हणजे बंदराची वस्ती, पत्र्याची घरं, गोदीत राबणारी इटलीहून आलेली माणसं, आणि अर्जेंटिनाच्या संसदेत पहिला समाजवादी जाऊन बसला. दुसऱ्याच वर्षी रविवारच्या सुट्टीचा कायदा, १९०७ ला कामावरच्या बायका-मुलांसाठी कायदा, १९१३ ला मुलींना वेश्याव्यवसायात लोटून त्यावर जगणाऱ्या दलालांविरुद्धचा, तो तर तिकडे आजही 'पालासिओस कायदा' म्हणूनच ओळखतात.

सगळंच पटतं असं नाही हां. पक्षाच्या नियमात द्वंद्वयुद्धाला बंदी होती तरी हे इज्जतीसाठी द्वंद्वाला तयार, त्यावरूनच १९१५ ला पक्षाबाहेर पडावं लागलं. एवढी कामं अर्धी टाकून कसली ती इज्जत, मला तरी ते चुकलंच वाटतं. बऱ्याच वर्षांनी परत पक्षात आले, सिनेटर झाले.

आणि तेव्हाचा, १९३५ चा कायदा म्हणजे खुर्चीचा कायदा. खरंच तेच नाव आहे. दुकान असो की कारखाना, कामावरच्या प्रत्येकाला पुरेल एवढी बसायची सोय मालकाने ठेवायची, आणि ती पाठ असलेली. नुसतं बाकडं ठेवून मालक मोकळा होईल हे ज्याला आधीच कळलं, त्याने कामगार जवळून बघितलेला असणार.

माझी आई बारा वर्षं साड्यांच्या दुकानात होती. सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभी. गादी गिऱ्हाइकाला, खुर्ची शेठला, आणि दुकान रिकामं असलं तरी सेल्सवाल्या बायकांनी टेकायचं नाही. घरी आली की आधी बादलीत गरम पाणी आणि मीठ, पोटऱ्यांवरच्या निळ्या शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, मी लहान होते तेव्हा त्यावरून बोट फिरवायचे. म्हणून कुणी मला म्हणालं ना की खुर्चीचा कसला कायदा, क्रांतीचं बोला, तर मला राग येतो.

केरळने २०१८ ला आणि तमिळनाडूने २०२१ ला दुकानातल्या लोकांना बसायचा हक्क कायद्यात घातला, अर्जेंटिनानंतर ऐंशीहून जास्त वर्षांनी. तमिळनाडूची बातमी मी आईला वाचून दाखवली. तिने पाय जवळ ओढून घेतले आणि विचारलं, "पाठ टेकायची खुर्ची देणार, की नुसतं स्टूल?"