खुलासा : अपेंडिक्स 'फक्त गोळ्यांनी' बरं होतं का?

'अपेंडिक्सला ऑपरेशन लागत नाही, पाच दिवस गोळ्या घ्या' हा मेसेज नाशिकच्या अनेक ग्रुपवर फिरतोय. तो अर्धवट आहे, म्हणून धोकादायक आहे.

अँटिबायोटिकचा पर्याय खरा आहे, पण अपेंडिक्स फुटलेलं नसेल आणि गाठ किंवा पू नसेल तरच. हे सीटी स्कॅनवर ठरतं. सोनोग्राफीत अपेंडिक्स दरवेळी दिसतंच असं नाही. अमेरिकेतल्या २०२० च्या मोठ्या अभ्यासात औषध आधी शिरेतून, मग गोळ्या, असं एकूण १० दिवस दिलं. तरीही ९० दिवसांत सुमारे २९ टक्के रुग्णांना ऑपरेशन लागलं. अपेंडिक्समध्ये खडा असलेल्यांत ४१ टक्क्यांना. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा : खडा आहे का?

दुखणं पुन्हा उठलं तर रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येईल का, हेही बघा. सुरगाणा-पेठच्या पाड्यावर राहणाऱ्याला बहुधा दुर्बिणीचं ऑपरेशनच सोयीचं.

मेडिकलमधून स्वतः गोळ्या आणू नका. दुखणं एकाएकी थांबून नंतर पोटभर पसरलं, पोट कडक झालं, तर अपेंडिक्स फुटलेलं असू शकतं. लगेच १०८ ला फोन करा; तोवर काही खाऊ-पिऊ नका.